मोत्यांच्या नौका आणि हिशेबाचे शब्द : हिंगोली जिल्ह्याच्या बोलीच्या निमित्ताने

१

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू, पूर्णा आणि सीमेवरून वाहणारी पैनगंगा एवढाच त्याचा जलविस्तार. सरळ रेषेत मोजले तरी अरबी समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा मुलखाच्या भाषेचा विचार करताना इराणच्या आखातातील मोती काढणाऱ्या शिडाच्या नौकांकडे वळावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि शब्दांचा प्रवास नकाशावरील अंतरे पाहून होत नसतो. तो व्यवहाराच्या वाटेने होतो. आणि व्यवहार कोणता, यावर कोणता शब्द कोठवर जाऊन पोहोचेल हे ठरते.

प्रस्तुत निबंधात मांडावयाचा विचार थोडक्यात असा : मोत्यांच्या नौकेच्या अंगोपांगांची नावे कोकण किनाऱ्यावर आली आणि बहुतांशी तेथेच थांबली. त्या नौकेवर राबणाऱ्या माणसाचा हिशेब ज्या शब्दांत लिहिला जाई, त्या शब्दांचे सख्खे भाऊबंद मात्र हिंगोलीच्या शेतमजुराच्या तोंडी आजही आहेत. हिंगोलीचा माणूस त्या नौकांवर गेला असे येथे म्हणावयाचे नाही. दोन ठिकाणच्या श्रमाचे हिशेब एकाच शब्दकुळातून कसे लिहिले गेले, आणि त्यातून श्रमिकाच्या स्थितीविषयी काय कळते, एवढाच प्रश्न आहे.

२

प्रथम नौकांचा परिचय करून घेणे अवश्य आहे. आखातात मोत्यांसाठी जाणारी नौका एकाच प्रकारची नव्हती. सांबूक, बटील, बगारा, शूई आणि जालबूत ही तिची मुख्य नावे. इंग्रजी लेखक या सर्वांना मिळून ‘ढाऊ’ म्हणत आले आहेत. अरब खलाशी मात्र नौकेला तिच्या घडणीवरून ओळखतो. सांबूक पुढून वक्र आणि ठेंगणी, मागून चौकोनी. बटील लांब, सखल आणि वेगवान; एकोणिसाव्या शतकात मोत्यांच्या कामी तिला मोठी मागणी असे. जालबूत हिचे नाक जवळजवळ सरळ उभे. बहरीनच्या बेटांवर ती विशेष आढळे.

या नौकांची बांधणी आराखड्याच्या कागदावरून होत नसे. सुतार आधी फळ्यांना फळ्या जोडून बाहेरचे कवच उभारीत आणि मग त्यात आतल्या फासळ्या बसवीत. प्राचीन काळी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या जात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज या समुद्रात आल्यानंतर लोखंडी खिळ्यांचा प्रघात वाढत गेला. पाण्याखालच्या भागास चुना व चरबी यांचा लेप आणि वरच्या भागास माशाचे तेल, अशी निगा असे. लांब आडव्या काठीला ताणलेले तिरकस शीड वाऱ्यावर नौकेला मोत्यांच्या खडकांपर्यंत नेई. तेथे पोहोचल्यावर शिडाचे काम संपे आणि वल्ह्यांचे सुरू होई. नांगर टाकला की हीच वल्ही दोन्ही बाजूंनी आडवी बांधीत, आणि त्यांच्या आधाराने पाणबुड्यांच्या दोऱ्या खाली सोडीत. म्हणजे एकच साधन सकाळी नौका हाकावयाचे आणि दिवसभर माणसे खाली-वर करावयाचे.

आखाताच्या किनाऱ्यावर नौकाबांधणीयोग्य लाकूड जवळजवळ नाही. सागवान, डोलकाठ्यांचे सोट आणि काथ्या हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मुख्यत्वे मलबारातून, जात असत. ही देवघेव किती जुनी आहे, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनावरून दिसते. भडोचेहून आखाताकडे तांबे, चंदन, सागवान, शिसव आणि आबनूस जाते, आणि उलट दिशेने मोती येतात, असे त्यात नमूद आहे. हे मोती हिंदुस्थानातील मोत्यांहून हलक्या प्रतीचे, असा शेराही आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्यांनी भडोचेस जाणाऱ्या मालाचा उल्लेख येतो. तात्पर्य, गोदावरीचे खोरे समुद्रापासून दूर असले तरी ज्या बंदरातून नौकांचे लाकूड बाहेर पडे त्याच बंदराशी ते जोडलेले होते. या ग्रंथातील आणखी एक माहिती पुढील विवेचनास उपयोगी आहे. दक्षिणेकडील कोरकईच्या मोत्यांच्या खाणींवर शिक्षा झालेल्या कैद्यांकडून काम करविले जाई, असे तो सांगतो. मोती आणि सक्तीचे श्रम यांचा संबंध अशा रीतीने फार जुना आहे.

भडोचेच्या खाडीत परदेशी जहाजांना वाट दाखविणाऱ्या स्थानिक नौकांची ‘ट्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ ही नावे ‘पेरिप्लस’ देतो. ‘अंगविज्जा’ या जैन प्राकृत ग्रंथातील नौकानामांत ‘तप्पक’ आणि ‘कोट्ठिंब’ ही रूपे आढळतात. ग्रीक लेखकाने ऐकलेला शब्द खरोखरच किनाऱ्यावरच्या प्राकृत बोलीतला होता, याचा असा दुहेरी पुरावा क्वचित मिळतो.

३

आता नौकेच्या शब्दांकडे वळू. कोकण किनाऱ्यावरील नौकाविषयक शब्दसंग्रहात देशी, अरबी, फारसी, मलयाळी आणि पोर्तुगीज असे थर एकमेकांवर बसलेले आहेत. नाव, होडी, तारू, डोण हे आपले जुने शब्द. पैकी ‘होडी’ हा उलट दिशेने गेला असे मानले जाते. आखाती अरबीत लहान, कोरीव नौकेस ‘हूरी’ म्हणतात, आणि ती नौकाही एकसंध खोडाच्या रूपाने मलबारातूनच तिकडे जात असे. ‘गुराब’ हा अरबीतील कावळ्याचा वाचक शब्द. आंग्र्यांच्या आरमारातील गुराबांमुळे तो मराठी इतिहासात स्थिरावला. ‘पत्तेमारी’ मलबाराकडून आली. ‘गलबत’ या शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. इंग्रजी कागदांतील ‘गॅलिव्हॅट’, आखातातील ‘जालबूत’ आणि पोर्तुगीजांची ‘गालिओटा’ या साऱ्यांना त्याच्याशी जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. वादाचा निर्णय काहीही होवो, मराठी गलबत आणि मोत्यांचे जालबूत हे शब्द एकाच समुद्रावरच्या एकाच गजबजाटातून उठले, एवढे खात्रीने म्हणता येते.

या शब्दांची आणि मराठवाड्याच्या मराठीची तुलना केली असता एक लक्षणीय गोष्ट ध्यानी येते. अरबी-फारसी शब्द मराठीत दोन रस्त्यांनी आले. एक रस्ता बंदरांचा, दुसरा दरबाराचा. हिंगोलीचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू ही कारभाराची भाषा होती. त्यामुळे तोच शब्द किनाऱ्यावर एका अर्थाने आणि पठारावर निराळ्या अर्थाने नांदताना दिसतो.

अरबी ‘मुअल्लिम’ म्हणजे शिकविणारा. दरबारच्या रस्त्याने तो मकतबातील शिक्षक म्हणून आला. समुद्राच्या रस्त्याने तोच ‘मालम’ होऊन, तारे पाहून जहाजाची दिशा सांगणारा वाटाड्या झाला. फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा धनी, कोळ्यांच्या बोलीत ‘नाखवा’ झाला आणि पुढे आडनावही बनला. पठारावर मात्र हा शब्द केवळ उर्दू ग्रंथांतून भेटतो. फारसीत सेनाधिकाऱ्याचा वाचक असलेला ‘सरहंग’ समुद्रावर ‘सारंग’ झाला. ‘खलाशी’ शिडाच्या नौकेवरून उतरला आणि रेल्वेच्या कारखान्यात एका हुद्द्याचे नाव होऊन बसला. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही अशा गावांनाही तो शब्द रुळांनी आणून दिला.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘नांगर’ या शब्दाचे आहे. शेतीचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ यापासून प्राकृत ‘णंगल’ या मार्गाने आला. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’ होय. दोन भिन्न शब्द कोकणात एका रूपात मिळून गेले, आणि जमिनीत रुतणाऱ्या दोन वस्तूंना एकच नाव पडले. हिंगोलीच्या बोलीत नांगराचा शेतीबाहेर दुसरा अर्थ नाही. परंतु फारसी ‘लंगर’ शब्दाला अन्नछत्र असाही अर्थ आहे, आणि त्या अर्थाने तो शेजारच्या नांदेडात गुरुद्वाराच्या लंगरातून सर्वांच्या परिचयाचा आहे. समुद्राने आणलेला शब्द नौका थांबविणारा, जमिनीने आणलेला शब्द भुकेल्याला जेवू घालणारा; दोन्हींचे मूळ एक.

नौकेच्या अंगांपैकी एकच शब्द हिंगोलीपर्यंत निर्वेध पोहोचला आहे, तो म्हणजे ‘सुकाणू’, अरबी ‘सुक्कान’. तोही नौकेतून नव्हे, छापील मराठीतून आला. २०१७ च्या जून महिन्यातील शेतकरी संपाच्या वेळी ‘सुकाणू समिती’ हा शब्द महाराष्ट्रभर वृत्तपत्रांतून दुमदुमला. तो उच्चारणाऱ्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी खरे सुकाणू हाताळले नसेल.

मोती स्वतः पठारावर आले ते दागिना आणि उपमा या दोन रूपांनी. नथीतील ‘बसरा मोती’ हे नाव मोती जेथून निघे त्या बहरीनच्या समुद्राचे नसून, ज्या बाजारपेठेच्या नावाने तो ओळखला जाई त्या बंदराचे आहे. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपीत पडून मोती होतो ही कल्पना भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे, आणि पावसाच्या थेंबापासून मोती होतो अशी समजूत अरब मुलखातही होती. १७६१ साली पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली. त्यात विश्वासराव व सदाशिवराव यांचा निर्देश दोन मोत्ये अशा सांकेतिक भाषेत होता. गोवळकोंड्याच्या दरबारात सतराव्या शतकात एका दखनी कवीने ‘गव्वासी’, म्हणजे पाणबुड्या, हे आपले टोपणनाव घेतले. येथे पाणबुड्या हा अर्थाच्या समुद्रातून मोती काढणारा रसिक आहे. खरा पाणबुड्या कसा जगे, हे पाहावयाचे तर पुन्हा नौकेवर जावे लागते.

४

मोत्यांचा मोठा हंगाम उन्हाळ्यात, जूनच्या आसपासपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, सुमारे चार महिन्यांचा असे. लॉरिमर याच्या गॅझेटिअरमधील नोंदींनुसार विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या बहरीनच्या नौका नऊशेंहून अधिक होत्या, आणि त्यांवर सतरा हजारांहून अधिक माणसे राबत होती. प्रत्येक नौकेवर नाखुदा हा प्रमुख असे. बुडी मारणारा तो ‘गैस’. त्याची दोरी हातात धरून वर उभा राहणारा तो ‘सैब’. यांखेरीज मदतनीस, चाकर पोरे आणि श्रमाची गाणी म्हणणारा ‘नह्हाम’ हेही असत. नाखुदाच्या खालोखाल खलाशांवर देखरेख करणाऱ्यास ‘मुजद्दमी’ म्हणत. या शेवटच्या शब्दाकडे पुढे परत यावयाचे आहे.

गैसच्या नाकाला शिंगाचा किंवा हाडाचा चिमटा, बोटांना चामड्याची टोपणे आणि गळ्यात जाळीदार टोपली असे. पायाला दगड बांधलेली दोरी त्याला तळाशी नेई. तो दगड लगेच वर ओढून घेतला जाई. सुमारे मिनिटभर, कधी त्याहून थोडे अधिक, गैस शिंपले गोळा करी आणि दुसऱ्या दोरीला झटका देई. झटका कळताच सैब त्याला वर ओढी. गैसचा जीव सैबच्या हातात असे. पोट रिकामे ठेवावे लागे म्हणून दिवसा खजूर व कॉफी यांवर भागवून खरे जेवण रात्री होई. शिंपले दुसऱ्या दिवशी सकाळी नाखुदाच्या नजरेखाली सर्वांनी मिळून उघडावयाचे, जेणेकरून कोणता मोती कोणाच्या शिंपल्यातला हे कोणालाच कळू नये.

कमाई रोजंदारीने नव्हती. आधी अन्नखर्च व नौकेचा वाटा वजा होई. मग उरलेल्या रकमेत बहुधा गैसचे तीन वाटे आणि सैबचे दोन असत. हे कागदावर न्याय्यच दिसते. प्रत्यक्षात वाट्याची रक्कम हाती पडण्यापूर्वीच संपलेली असे, कारण ती आगाऊ दिली गेलेली असे.

५

या आगाऊ रकमेची तीन नावे होती. हंगामाच्या आरंभी घरच्यांच्या निर्वाहासाठी दिली जाई ती ‘सलफ’. हंगामात किरकोळ खर्चासाठी मिळे ती ‘खर्जिया’. हंगाम संपल्यावर हिवाळा निभावण्यासाठी मिळे ती ‘तिस्काम’. वर्षअखेरीस वाट्यातून हे सारे फिटले तर ठीक. न फिटले तर उरलेले देणे पुढच्या हंगामावर. देणे असेपर्यंत पाणबुड्याने त्याच नाखुदाच्या नौकेवर बुडी मारावयाची. दुसऱ्याकडे जावयाचे असेल तर देण्याचा दाखला, ‘बर्वा’, घेऊन जावयाचे. मग नवा नाखुदा ते देणे आपल्याकडे वळवून घेई आणि पाणबुड्या त्याचा बांधील होई. तो मेला तर देणे मुलावर किंवा भावावर येई, आणि ते फेडण्यासाठी त्याने बुडी मारावी अशी अपेक्षा असे.

नाखुदाही स्वतंत्र नव्हता. तो बहरीनच्या किंवा अन्य बंदरांच्या व्यापाऱ्यांचा ऋणको होता, आणि त्या व्यापाऱ्यांचे धागे मुंबईच्या मोती-बाजारापर्यंत पोहोचत. आखाताचे बहुतेक मोती मुंबईस येऊन तेथे निवडले, भोकले आणि ओवले जात. तांदूळ, कापड, लाकूड मुंबई-मलबारकडून जाई. आखातात चलन म्हणून हिंदुस्थानचाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी निराळा ‘आखाती रुपया’ काढला आणि १९६६ पर्यंत तोही बहुतेक ठिकाणी व्यवहारातून गेला. मोत्याची किंमत ‘चव’ नावाच्या मापाने काढीत. चव वजनाच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वजनाचा मोती चौपट चव भरतो. हे गणित व्यापाऱ्याच्या दप्तरात होते. ज्याने तो मोती समुद्राच्या तळाशी हाताने उचलला, त्याला बहुधा लिहिता-वाचताही येत नव्हते.

६

आता ‘मुजद्दमी’ या शब्दाकडे वळू. तो अरबी ‘मुक़द्दम’, म्हणजे पुढे केलेला, पुढारी, यापासून साधला आहे. आखाती अरबीत ‘क़ाफ’ हा वर्ण काही ठिकाणी ‘ग’ आणि काही ठिकाणी ‘ज’ असा उच्चारला जातो. म्हणून ‘मुक़द्दमी’चा ‘मुजद्दमी’ झाला. हाच शब्द दरबारच्या रस्त्याने दख्खनेत आला. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. पुढे जोडाक्षर लोपून त्याची भरपाई स्वर दीर्घ होऊन झाली आणि ‘मुकादम’ हे रूप रूढ झाले. ‘दल्लाल’चा ‘दलाल’, ‘हम्माल’चा ‘हमाल’ यांत जोडाक्षर गेले, पण मागचा स्वर ऱ्हस्वच राहिला. ‘मुकादम’ मधील दीर्घ स्वर म्हणून लक्षणीय ठरतो. अर्थही बदलला : गावाच्या पुढाऱ्याचा मजुरांच्या टोळीचा पुढारी झाला.

बीड, परभणी, जालना, हिंगोली या जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. निघण्यापूर्वी मुकादम कोयत्याला ‘उचल’ देतो. हंगामात आठवडी खर्चाला ‘खर्ची’ मिळते. तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी मोजून ती उचलीतून वळती करतात. पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झाले, की हिशेब होतो. उचल फिटली नाही तर ‘बाकी’ पुढच्या हंगामावर जाते. मुकादमालाही पैसा वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून आलेला असतो. मुंबईचा व्यापारी, बहरीनचा व्यापारी, नाखुदा, गैस. आणि कारखाना, वाहतूकदार, मुकादम, कोयता. या दोन साखळ्या शेजारी ठेवल्या की कडी कडीला जुळते.

येथे एक दक्षता घेणे जरूर आहे. नौकेवरचा मुजद्दमी हा पर्यवेक्षक होता. आगाऊ रक्कम देणारा नाखुदा होता. मराठवाड्याच्या मुकादमात ही दोन्ही कामे एकवटली आहेत. म्हणून शब्दसाम्यावरून संस्थेचे साम्य सिद्ध होते असे मानणे चुकीचे ठरेल. संस्थेचे साम्य निराळ्या कारणाने आहे : काम हंगामी, हंगामाबाहेर उपजीविका नाही, आणि भांडवल दुसऱ्याचे. अशा ठिकाणी मजुरी श्रमाच्या आधी द्यावी लागते, आणि आधी दिलेली मजुरी हेच कर्ज होते. समुद्र असो की उसाचा फड, परिणाम एकच.

शब्दसाम्याचे महत्त्व वेगळे आहे. ‘खर्जिया’ आणि ‘खर्ची’ एकाच अरबी धातूपासून आले; आपली ‘खर्ची’ फारसीच्या हातून आली एवढेच. हिसाब आणि हिशेब, बाकी, दल्लाल आणि दलाल, मुजद्दमी आणि मुकादम. त्यांच्याच पंक्तीला कर्ज, वसूल, जामीन, करार हे आपले शब्दही बसतात. ही हिशेबवहीची भाषा आहे. ती महसुलाच्या कारभारातून दख्खनेत आली आणि सावकाराच्या, जमीनदाराच्या, ठेकेदाराच्या हाती गेली. उलट ज्याने कर्ज घेतले त्याच्या तोंडचे शब्द पाहावेत : उचल, ‘अंगावर’ पैसे घेणे, फेडणे, राबणे. हे बहुतेक सारे देशी आहेत, आणि सारे शरीराचे आहेत. कर्ज वहीत ‘लिहिले’ जाते अरबी-फारसीत, आणि ‘अंगावर’ येते मराठीत. लिहिणारा आणि वाहणारा यांच्यामधील अंतर शब्दसंग्रहात इतके स्वच्छ उमटलेले क्वचित आढळते.

‘सालगडी’ हा शब्द तर या दोन थरांची गाठच आहे. बहुधा गुढीपाडव्याला वर्षाचा करार करून शेतकऱ्याच्या घरी राहणाऱ्या या मजुराच्या नावात ‘साल’ हे फारसी, कारभाराच्या वर्षाचे. ‘गडी’ हा मात्र आपल्या शेताशिवाराचा. माणूस देशी, त्याला बांधणारी मुदत दप्तराची.

७

मोत्यांच्या नौकांचा शेवट जलद झाला. जपानात मिकिमोतो याने १८९३ साली अर्धगोल मोती पिकविला. १९२० नंतरच्या दशकात पूर्ण गोल कृत्रिम मोती जगाच्या बाजारात आले. १९२९ च्या मंदीने मागणी कोसळली. १९३२ मध्ये बहरीनला खनिज तेल लागले आणि पाणबुड्यांना रोजंदारीचे दुसरे काम दिसू लागले. सांबूक व जालबूत किनाऱ्यावर वाळत पडली.

परंतु नौका नाहीशा होण्यापूर्वी एक घटना घडली, तिचा विचार आपल्याकडे व्हावयास हवा. १९२० नंतरच्या दशकात बहरीनमध्ये सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याला स्वतःची हिशेबवही मिळाली, आगाऊ रकमेवर सरकारी मर्यादा आली, आणि मेलेल्याचे देणे वारसावर लादण्याची चाल बंद करण्यात आली. न्यायाच्या दृष्टीने हे सारे योग्यच होते. तरीही १९३२ साली पाणबुड्यांनीच दंगा केला. मंदीच्या दिवसांत आगाऊ रक्कम कमी झाली होती, आणि तिच्याशिवाय हिवाळा कसा काढावा याचे उत्तर सुधारणेत नव्हते. कर्ज हीच ज्याची मजुरी, त्याचे कर्ज घटविणे म्हणजे त्याची मजुरी घटविणे होय.

हैदराबाद संस्थानात १९३६ साली ‘भगेला’ करारांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. भारतात १९७६ साली बंधबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा अधिनियम संमत झाला. हे दोन्ही कायदे आवश्यक होते. तथापि ऊसतोडीची उचल आणि सालगड्याचे साल त्यांच्या नंतरही राहिले, याचे कारण बहरीनच्या पाणबुड्यांनी १९३२ सालीच सांगून ठेवले होते. हंगामाबाहेरच्या महिन्यांची भाकर कोण देणार, हा प्रश्न सुटल्याखेरीज उचल हा शब्द व्यवहारातून जाणार नाही.

बहरीनमधील मुहर्रक येथील मोती-व्यवसायाच्या वास्तू आणि शिंपल्यांचे खडक यांचा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. नौकांचे जतन होत आहे, पाणबुड्यांची गाणी ध्वनिमुद्रित होत आहेत. हे उचितच आहे. पण वारशाचा एक भाग हिशेबवहीत आहे, आणि तो आपल्याकडे अद्याप जिवंत आहे. मराठी कोशांत ‘मुकादम’, ‘खर्ची’, ‘कोयता’, ‘उचल’, ‘पट्टा पडणे’ यांचे ऊसतोडीतील अर्थ पुरेशा तपशिलाने आणि उदाहरणांसह नोंदले जाणे अगत्याचे आहे. शिडाचे शब्द गोळा करण्यास उशीर झाला. ते जाणणारे थोडे उरले आहेत. हिशेबाचे शब्द मात्र हिंगोलीच्या, सेनगावच्या, कळमनुरीच्या गावोगाव दर दिवाळीत उच्चारले जातात. बोलीच्या अभ्यासकाने ते मजुराच्या तोंडून आणि मजुराच्या अर्थाने टिपून घ्यावेत. दप्तरातला अर्थ टिपून घेणारे नेहमीच पुष्कळ होते.